म्हैसूरचा कर्नेलवाला

म्हैसुरातला कर्नेलवाला हा सॉफ्टवेअरवाल्यांतला निराळा वाण. हेब्बाळला इन्फोसिसच्या प्रशिक्षण केंद्रात देशभरच्या शिकाऊ पोरांची जत्रा भरते, तिच्यात तो सापडत नाही. मूळ गाव सांगलीकडचं, भाड्याचं घर विजयनगरात, काम घरूनच. तो नेमकं काय करतो हे घरमालकिणीला कळलेलं नसतं. सासऱ्यांनाही नसतं, पण ते विचारायच्या भानगडीत पडत नाहीत.

रेस कंडिशन शोधणं हा त्याचा धंदा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, एकच आकडा प्रोसेसरचे दोन कोअर एकाच वेळी वाढवायला जातात. प्रोग्रॅममध्ये ती एक ओळ असते. प्रोसेसरला मात्र वाचणं, एक मिळवणं आणि परत लिहिणं अशी तीन कामं पडू शकतात. दोघांनी ५ वाचले, दोघांनी ६ लिहिले, ७ काही कुणी लिहिलेच नाहीत. बायकोला तो हे आमटीवरून समजावतो. तिने चव घेतली, अळणी लागली, ती मीठ आणायला वळली. तेवढ्यात यानेही चव घेतली. चूक कुणाचीच नाही, आमटी मात्र खारट. मग नियम निघतो : पळी आणि बरणी दोन्ही हातात आल्याशिवाय मीठ घालायचं नाही. दुसऱ्याच दिवशी पळी याच्या हातात, बरणी तिच्या, आणि दोघंही समोरचा सोडेल म्हणून ताटकळलेले. याला डेडलॉक म्हणतात, हे तो कौतुकाने सांगत असताना आमटी करपते.

खरी पंचाईत बग पकडण्याची. हजारात एखादेवेळी तो दर्शन देतो. त्याला बघावं म्हणून लॉग छापणारी एक ओळ घातली, तर त्या छपाईनेच वेळेचं गणित हलतं आणि बग गायब. ओळ काढली की स्वारी हजर. कोणत्या बदलाने घोळ झाला हे जुन्या आवृत्त्या निम्म्या-निम्म्या करत शोधावं, तर त्यातही फसगत : एखादी आवृत्ती नीट चालली, तर ती निर्दोष होती की त्या दिवशी नशीब चांगलं होतं? त्यामुळे ‘आता चालतंय’ यावर कर्नेलवाल्याचा काडीचा विश्वास उरत नाही. प्लंबर नळ दुरुस्त करून गेला, तरी हा तासभर मोरीच्या दारात उभा.

कुणी चक्रम म्हटलंच, तर दाखला तयार असतो : ‘डर्टी काऊ’. लिनक्सच्या मेमरी सांभाळणाऱ्या भागातली ही रेस निदान २००७ पासून कर्नेलमध्ये होती. तिच्या आधारे साध्या वापरकर्त्याला नुसत्या वाचायला दिलेल्या फायलीतही लिहिता येई, आणि तिथून मशीनचा ताबा घेता येई. ती बुजली २०१६च्या ऑक्टोबरात. त्याच्या ११ वर्षं आधी खुद्द लिनक्सच्या जनकाने, लिनस टोरवाल्ड्सने, तिच्यावर इलाज करून पाहिला होता, तो टिकला नव्हता. ‘खुद्द’वर कर्नेलवाला भरपूर जोर देतो.

हत्यारं आता बरी मिळतात. २००६पासूनचं लॉकडेप लॉक, म्हणजे त्या पळी-बरणीसारखे ताबे, घेण्याच्या क्रमावर डोळा ठेवतं आणि डेडलॉक घडण्याआधीच बोंब मारतं. २०२०मध्ये आलेलं केसीसॅन एका थ्रेडला मुद्दाम क्षणभर रोखून धरतं आणि तेवढ्यात त्याच जागेला दुसरं कोण हात लावतंय ते बघतं. यातला आडमुठेपणा कर्नेलवाल्याला फार जवळचा वाटतो.

दसऱ्याला घरची मंडळी हत्तींची जंबो सवारी बघायला जातात. हा नेमक्या त्याच दुपारी अडकून पडलेल्या मशीनपाशी, बाईने फरशी पुसताना वायर हलवू नये म्हणून, राखण करतो. शेवटी पॅच निघतो दोन ओळींचा, त्याचं स्पष्टीकरण चाळीस ओळींचं. तपासणारे पाच वेळा परत पाठवतात. तो स्वीकारला गेला, तरी पलंगाखालचा जुना लॅपटॉप तीच चाचणी महिनाभर फिरवत राहतो. विजेचं बिल बायकोच्या खात्यातून जातं.