सातवा कुठाय?

ठाण्यापासून कल्याणपर्यंत रुळांच्या दोन्ही बाजूंना जितकी कबड्डीची मंडळं, तितके सर. त्यांनी शाळेत एक दिवसही शिकवलेलं नसतं. नोकरी बहुधा पालिकेत, नाहीतर एखाद्या पतपेढीत. वय पन्नाशीच्या आसपास. तरुणपणी आपण डावा कोपरा कसा अडवून धरायचो हे ते सांगतात आणि पुरावा म्हणून डावा गुडघा वाजवून दाखवतात.

सर संघाचे प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि खजिनदार. खजिना नसतो, पण पद रिकामं ठेवायचं नाही म्हणून. यातून वेळ उरला तर ते कबड्डी शिकवतात.

नोंदणी बारा जणांची, मैदानात उतरायचे सात. बारातून सात काढायला काय लागतं, असं ज्याला वाटतं त्याने रविवारी संध्याकाळी डोंबिवलीचा संघ ठाण्याला नेऊन दाखवावा. डाव्या कोपऱ्याला एमआयडीसीत सेकंड शिफ्ट. मध्यरक्षकाच्या मावसबहिणीचा साखरपुडा. मुख्य चढाईपटू घरोघरी जेवण पोचवतो आणि त्याची खरी चढाई रविवारी संध्याकाळीच असते. त्यातून मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. कुठली जलद गाडी धीम्या मार्गावर वळवली आहे हे सरांना गार्डच्या आधी ठाऊक असतं. मग कोणीतरी शहाणा बाईकने निघतो आणि फोनवर म्हणतो, "सर, शीळफाट्याला पोचलो." अर्ध्या तासाने पुन्हा फोन केला तरी तो शीळफाट्यालाच असतो. पहिला फोन त्याने घरातून घेतला होता हे सरांना कळत असतं, पण आता भांडून सातवा मिळणार नसतो.

सगळे पोचले की वजनकाटा. पुरुष गटाला मर्यादा 85 किलोची. आपल्या पोरांची वजनं सरांना त्यांच्या आयांपेक्षा पक्की पाठ. तरी दर स्पर्धेत एक उजवा कोपरा 85 किलो 600 ग्रॅम भरतोच.

"सकाळी काय खाल्लंस?"

"काही नाही सर. फक्त मिसळ."

"आणि?"

"एक्स्ट्रा पाव."

"किती?"

इथे उजवा कोपरा पायाच्या अंगठ्याने माती उकरतो. त्याला रेनकोट चढवून मैदानाभोवती पळवलं जातं. पाचव्या फेरीला तो हळूच विचारतो, "सर, ताक चालेल का?" सर काही बोलत नाहीत. ते त्याच्या हातातलं कडं, गळ्यातला गोफ आणि कमरेचा करगोटा यांचे ग्रॅम मनात मोजत असतात.

कुमार गटाचं दुखणं वेगळं, तिथे जन्मतारीख लागते. सरांच्या पिशवीत शिट्टी, स्प्रे, क्रेप बँडेज आणि ग्लुकोजच्या खाली सगळ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स असतात. गावाकडच्या शाळेत नाव घातलेली निम्मी पोरं 1 जूनची. पंच संशयाने वर बघतो, तेव्हा सर शांतपणे म्हणतात, "माझाही वाढदिवस त्याच दिवशी असतो."

सरावाची जागा हा तर हक्काचा वाद. नियमाप्रमाणे क्रीडांगण 13 बाय 10 मीटर. मंडळाच्या पटांगणाचंही माप तेवढंच, पण त्यात एक टेम्पो उभा असतो आणि नवरात्रात मांडव पडतो. त्यामुळे आमच्या बऱ्याच पोरांना अर्धंच मैदान सवयीचं. पूर्ण मैदान मिळालं की ती बिचकतात. सर स्वतः माती चाळतात, पाणी मारतात, फक्कीच्या रेषा ओढतात. सकाळी त्या रेषांवरून टेम्पो निघून जातो. आता स्पर्धा मॅटवर होतात म्हणून बूट आले, आणि बुटांसाठी वर्गणी. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि पोरं टीव्हीवरून आधी मांडीवर थाप मारायला शिकली. घोटा पकडायचा राहिलाच. 15 जुलैला, बुवा साळवींच्या जयंतीला, म्हणजे कबड्डी दिनी, सर फोटोला हार घालून भाषण करतात. पोरं बटाटेवड्यांकडे बघत ऐकतात.

प्रत्यक्ष सामना हा सगळ्यात सोपा भाग, कारण तोवर सरांच्या हातात काही उरलेलं नसतं. शेवटचं मिनिट, समान गुण, सर टाइम आउट घेतात. मिळतात 30 सेकंद. त्यात एकाला पाणी हवं, एकाची नी-कॅप उलटी, एक विचारतो बाईक टो तर नाही ना करणार. उरलेल्या वेळात सर म्हणतात, "डोकं शांत ठेवा." चढाईपटू विचारतो, "पण सर, बोनस घेऊ की टच?" सर त्याच्यावर एवढ्या जोराने ओरडतात की उत्तर प्रतिस्पर्ध्यांनाही कळतं.

एवढं करून पोरगं तयार झालं की जातं. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्रं लागतात, ती फाइल करून ठेवण्याचं कामही सरांचंच. पोरगं पोलिसात लागतं, पेढे घेऊन येतं, पाया पडतं. सरांना खरंच आनंद होतो. पुढच्या मोसमात तेच पोरगं पोलिसांच्या संघातून सरांच्या कोपऱ्याला फोडून काढतं. सर शेजारच्याला सांगतात, "तो पाय बघा, तो मी बसवलाय," आणि मग गुण गेल्याबद्दल पंचांशी भांडायला उठतात.

लग्नाचं सरांना खरं भय. लग्न झालेला खेळाडू सरावाला आठवड्यातून एकदा येतो आणि तेव्हाही घड्याळ बघतो. म्हणून तारीख काढायच्या बैठकीला ते आगंतुकासारखे जाऊन बसतात आणि उपांत्य फेरीच्या दिवसाचा मुहूर्त कसा चांगला नाही हे मुलीकडच्यांना पटवतात. लग्नात मात्र सगळ्यांच्या आधी हजर. पाकीट देतात, नवऱ्या मुलाच्या कानात "गुडघा कसाय?" विचारतात आणि फोटोसाठी उभे राहतात. फोटोग्राफर "इकडे बघा काका" म्हणून थकतो, कारण सरांची नजर नवरीच्या धाकट्या भावावर असते. सहा फूट, रुंद खांदे, हातात आइस्क्रीमची वाटी.

"काय रे," सर स्टेजवरूनच विचारतात, "वजन किती तुझं?"