नळ ठिबकू द्यावा

गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. पाइप मात्र बहुधा बर्फाच्या जागी फुटत नाही. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि पाइप तिथे फुटतो. एकत्र कुटुंबातही तट्ट फुगतो एक आणि फुटतो दुसराच.

बाहेर उणे ७ अंश सेल्सिअसच्या खाली उघड्या पाइपांचा भरवसा संपतो, असा अमेरिकेतला ठोकताळा आहे. मिनेसोटातली घरे थंडी गृहीत धरून बांधतात. टेक्ससमध्ये पाइप खुशाल पोटमाळ्यावरून नेलेले असतात. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात डॅलसला पारा उणे १९ वर उतरला, त्यातच लाखो घरांची वीज गेली आणि पाइप फुटून छतांतून पाणी कोसळले.

पूर्वतयारी सोपी असते. अंगणातल्या नळाची रबरी नळी काढून ठेवावी. पोटमाळ्यावरच्या पाइपांना फोम गुंडाळावा. सुट्टीवर भारतात जाताना अमेरिकेतल्या घरातले तापमान १३ अंशांखाली ठेवू नये. सिंकखालच्या कपाटाची दारे उघडी टाकावीत, म्हणजे खोलीची ऊब पाइपांना लागते. तिथल्या मराठी घरांत इथे अब्रूचा प्रश्न येतो, कारण त्याच कपाटात पिशव्यांनी भरलेली पिशवी आणि श्रीखंडाचे रिकामे डबे असतात.

खरा पेच पुढचा. कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतचा नळ ठिबकता ठेवावा. दाबाला वाट मिळते. सूचना एका ओळीची, पण ज्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी न्यावे लागले, तिथून टेक्ससला आलेल्या गृहस्थाला ती पाळणे जिवावर येते. हुद्दा डायरेक्टरचा, बाथरूम चार; तरी तो नळ सोडतो, थेंब न्याहाळतो, आटे थोडे आवळतो आणि खाली बादली लावतो. बादलीनंतर पातेले, पातेल्यानंतर कुकर, कुकरनंतर त्याची आतली भांडी. पहाटेपर्यंत ओट्यावर पंगत बसते. कुंड्यांना घालावे तर बाहेरची माती दगड झालेली. शेजाऱ्याने विचारल्यास पर्यावरणाचे कारण दिले जाते; नळ टपकताना दिसला की अंथरुणातून उठून येणाऱ्या आईचा उल्लेख टाळला जातो.

२०२१ च्या त्या आठवड्यात मात्र टेक्ससमधल्या अनेक शहरांचे पाणी बंद पडले. लोकांनी शौचालयासाठी बर्फ वितळवला. राज्याच्या आरोग्य खात्याने त्या वादळाचे २४६ बळी नोंदवले. त्या दिवसांत भरलेल्या पातेल्यांना कोणी हसले नसते.

पाइप गोठलाच, तर नळ उघडा ठेवून नळाच्या बाजूकडून हेअर ड्रायरने ऊब द्यावी. ज्योत कधीही लावू नये. बर्फ वितळेल की घर पेटेल, हे सांगता येत नाही. फुटला, तर आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, मग दोष कोणाचा याची चर्चा. तो व्हॉल्व्ह कुठे आहे हे आपल्याला ठाऊक आहे, अशी प्रत्येक कर्त्या पुरुषाची समजूत असते. थंडी पडण्याआधी त्याने तो एकदा शोधून, फिरवून पाहावा आणि जागा घरातल्या सर्वांना दाखवावी.