रुमालाखालचं व्हॅल्युएशन

रत्नागिरीत स्टार्टअप काढणाऱ्या मुलाचा पहिला गुंतवणूकदार म्हणजे आईची मुदत ठेव. दुसरा पुण्यातला मावसभाऊ. तो 'दिवाळीनंतर बघू' म्हणतो, कुठल्या दिवाळीनंतर ते सांगत नाही.

फंडिंगचे धडे मात्र आपण बेंगळुरूकडून घेतो, याचं नवल वाटतं. हापूसच्या बागायतदाराला विचारा. मोहर दिसायच्या आधीच तो वाशीच्या दलालाकडून उचल घेतो. त्यातून खतं, फवारण्या, राखणीला येणारे नेपाळी कामगार, पेट्या हे सगळं भागवायचं आणि फळ त्याच दलालाच्या गाळ्यावर पाठवायचं. तिथे भाव ठरवायची जुनी रीत हत्त्याची: दोन माणसं रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात आणि ज्याचा आंबा आहे तो रत्नागिरीत फोनकडे बघत बसतो. शेवटी पट्टी येते, भाडं, हमाली आणि उचल वजा करून. पैसे देणाराच मालाची किंमत सांगतो, वर्ष वाईट गेलं तर दोष अवकाळी पावसाचा. व्हेंचर कॅपिटल यापेक्षा निराळं ते काय असतं? फार तर रुमालाऐवजी एक्सेल शीट.

आमचा स्टार्टअपवाला याच घरातला. इंजिनीअर झालेला. त्याची कल्पना अशी की मधला दलाल काढून टाकायचा आणि हापूस ॲपवरून थेट गिऱ्हाइकाच्या दारात न्यायचा. कल्पना उत्तम. अडचण इतकीच, की वडिलांनी यंदाची उचल मार्गशीर्षातच घेतलेली.

मग सरकारी योजना. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात 2022 पासून उत्पादन उद्योगाला 50 लाखांपर्यंतचा आणि सेवेला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. खुल्या गटातल्या अर्जदाराने दहा टक्के स्वतःचे घालायचे; ग्रामीण भागात त्याला 25 टक्के अनुदान. हे अनुदान खरोखर येतं. येतं आणि बँकेत तीन वर्षांसाठी ठेव म्हणून जाऊन बसतं. मालकाने त्याचं नुसतं दर्शन घ्यायचं.

ठरावीक मर्यादेपर्यंतच्या लघुउद्योग कर्जाला तारण घेऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने बजावलेलं आहे. त्यापुढे आकडा गेला की सात-बारा आलाच, आणि कोकणातल्या सात-बाऱ्यावर पणजोबांपासूनचा सगळा वंश नांदत असतो. निम्मे बोरिवली-डोंबिवलीत, दोघे न्यू जर्सीत आणि एक काका केवळ सही करायची नाही या निश्चयावर तब्येत टिकवून आहेत.

पुण्यात एका गुंतवणूकदारापुढे सादरीकरण झालं. पहिल्याच स्लाइडवर टिळक, कारण जन्मगाव एकच आणि मुद्दाही चांगला होता: अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा वर्गणी गोळा करत पैसा फंड चालवला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. त्या पैशाच्या बदल्यात कुणी संचालक मंडळात खुर्ची मागितली नव्हती. गुंतवणूकदाराने हे सगळं शांतपणे ऐकून विचारलं, 'एक्झिट काय?' मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. रत्नागिरीतून एक्झिट काय, हा प्रश्न आम्हा सर्वांनाच पडलेला आहे.

सवलती मात्र भरघोस. मान्यताप्राप्त स्टार्टअप पात्र ठरला, तर पहिल्या दहापैकी सलग तीन वर्षं नफ्यावर आयकर माफ. उपाशी माणसाला तीन दिवस तूप मोफत. उलट, महिनाभर काहीच विकलं गेलं नाही, तर तेही जीएसटीच्या विवरणपत्रात वेळेवर कळवायचं. उशीर झाला की दिवसाला 20 रुपये. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर उलाढाल शून्य असली तरी लेखापरीक्षण करायचं. थोडक्यात, धंदा सुरू झाला नाही तरी सीएचा होतो. एंजल टॅक्स तर 2012 मध्ये आला आणि 2024 च्या अर्थसंकल्पाने गेला. आमच्या मुलाला त्याचा उपद्रव झाला नाही, कारण एंजल आलाच नाही.

लग्नकार्यात हा मुलगा दिसला की मंडळी गद्रे मरीनचा दाखला देतात. रत्नागिरीतून मासळीची सुरिमी परदेशी पाठवणारी कंपनी. दाखला खराच आहे. तो देणारे काका स्वतः राज्य सरकारच्या सेवेतून निवृत्त. 'तू पण तसं काहीतरी कर,' म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात आपल्या भाचीसाठी 'कायम नोकरीवाला' मुलगा सुचवायला सांगतात. वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मात 'मासिक उत्पन्न' असा रकाना आहे. त्यात उणे चिन्ह घालायची सोय नाही.

आता घरात तलाठी भरतीचं बोलणं चालू आहे. 2023 च्या भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. घरी याला 'खात्रीचं' म्हणतात. खुल्या गटाला तेव्हा फी एक हजार होती. पुढच्या जाहिरातीसाठी वडिलांनी हजार रुपये आत्ताच बाजूला काढून ठेवलेत. बिझनेस प्लॅन मागितलेला नाही.