जीटीओवाला

ऑगस्टचा तिसरा शनिवार आला की डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. 1995 पासूनचा रिवाज. तिथे हा गृहस्थ हमखास भेटतो. सत्तरी ओलांडलेली, डोक्याला टोपी, बुडाखाली घडीची खुर्ची आणि मागे बॉनेट उघडं टाकलेली 1964 ची पाँटियाक जीटीओ. बाकीचे गाड्या फिरवत असतात. याची दर्शनाला मांडलेली.

‘‘छान आहे हो,’’ एवढं म्हणालात की संपलंच. तो तुम्हाला कोपराला धरून इंजिनापाशी नेतो. वर ओळीने तीन कार्ब्युरेटर. एरवी मधला एकटा राबतो, पाय जोरात दाबला की बाजूचे दोघे जागे होतात. हे तो हवेत पाय दाबून, तोंडाने आवाज काढून दाखवतो. 389 घनइंच, 348 अश्वशक्ती. आकडे तोंडपाठ. नातवाचं वय विचारलंत तर बायकोकडे बघतो.

मग कुळकथा. पाँटियाकची मालक जनरल मोटर्स. तिचा दंडक असा, की मधल्या आकाराच्या गाडीत 330 घनइंचांच्या वर इंजिन घालायचं नाही. (सतरा फुटी धुडाला मधला आकार म्हणणारे लोक! असो.) पाँटियाकचे इंजिनियर जॉन डीलोरियन आणि मंडळींनी म्हणून नवी गाडी काढलीच नाही. आपल्याच टेम्पेस्ट लेमान्स गाडीवर जादा पैसे भरून घ्यायची सोय म्हणून मोठं इंजिन खपवलं. ही पळवाट जणू यानेच सुचवली, अशा थाटात तो सांगतो. नाव फेरारीकडून उचललं, हेही अभिमानानेच.

पण पळवाटेने त्याच्याही मागे झेंगट लावलंय. त्या वर्षीच्या जीटीओचा चेसिस नंबर लेमान्सचाच, त्यामुळे नकली जीटीओ उदंड. म्हणून गाडीची कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढच्या सीटवर ठेवलेली असतात. कोणी न मागता तो ती काढतो. शेजारच्या शेव्हेलवाल्याला मात्र हळूच विचारतो, ‘‘इंजिन मूळचंच ना?’’

ब्रेकचा विषय काढू नये. चारही चाकांना ड्रम. धावण्याची एवढी हौस करणाऱ्यांनी थांबण्याचं फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही. विचारलंत तर तो फडकं काढून फेंडर पुसू लागतो.

जाणार असाल तर जा, फोटोही काढा. फक्त पट्ट्याचं बक्कल फेंडरला टेकवू नका.