खाल्ल्या मिठाला

डेट्रॉइट शहराच्या पोटात मिठाची खाण आहे, जमिनीखाली सुमारे 1,200 फुटांवर. म्हणजे वर मोटारी बनवायच्या, खालून मीठ उपसायचं, हिवाळ्यात बर्फ वितळवायला ते रस्त्यांवर फेकायचं आणि मिठानं मोटारी खाल्ल्या की पुन्हा नव्या बनवायच्या. स्वयंपूर्ण खेड्याची कल्पना गांधीजींची आणि मीठही त्यांनीच उचललेलं, पण दोन्हींचा असा मेळ घालणं त्यांनाही सुचलं नसतं.

अशा गावाच्या उपनगरात आम्ही ट्रॅव्हल ट्रेलर बाळगून आहोत. गाडीमागे ओढत न्यायचं हे घर दिसायला पांढरंशुभ्र. भिंती अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा फायबरग्लासच्या, त्यांना गंज ठाऊक नाही. पण हा सगळा डोलारा ज्यावर उभा असतो ती चासी, अ‍ॅक्सल आणि कमानपाटे पोलादाचे, आणि त्यांवर कारखान्यात मारलेला काळा रंग म्हणजे पथ्याच्या पोळीला लावलेलं तूप. विकणारा अर्थातच खाली वाकू देत नाही. तो आतली शेगडी, सोफ्याचा होणारा पलंग आणि छतातून दिसणारं आकाश दाखवतो. मराठी कुटुंब ओट्यावर कुकर मावतो का हे पाहतं, मावला की सही करतं.

आमचे सासरे अप्पा रत्नागिरीचे. मांडवीच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर घर, त्यामुळे गंज हा त्यांच्या घराण्याचा परंपरागत शत्रू. खिडक्यांचे गज ते दर वर्षी पावसाआधी खरवडतात, रेड ऑक्साइड लावतात, वर ऑइलपेंट चढवतात. आत अजून गज उरलाय की नुसतेच रंगाचे थर, हे तपासायचं धाडस मात्र त्यांनी केलेलं नाही. ते इथे आले आणि ट्रेलरखालचे तांबडे पोपडे पाहून थबकले.

“जावईबापू, इथून समुद्र किती लांब?”

“गाडीनं जवळजवळ हजार किलोमीटर.”

“आणि ते तुमचं मोठं तळं?”

“गोड्या पाण्याचं.”

“मग गंज कुठून आला? की रत्नागिरीहून लग्नात आंदण दिला आम्ही?”

मी त्यांना रस्त्यावरच्या मिठाचं माहात्म्य सांगितलं. साधं मीठ साधारण उणे नऊ अंश सेल्सिअसच्या खाली फारसं काम करत नाही, मग कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. ही मंडळी हवेतली ओल ओढून घेतात आणि लोखंडाला चिकटून ओलीच राहतात. द्रावण रस्त्यावर टिकावं म्हणून काही ठिकाणी त्यात साखरेच्या बीटाचा रस मिसळतात. पलीकडच्या विस्कॉन्सिनमध्ये, मिलवॉकीत, चीज ज्यात मुरवतात ते खारं पाणीही रस्त्यावर ओतून पाहिलंय.

“म्हणजे रस्त्याला कोशिंबीर वाढतात म्हणा की!” अप्पा म्हणाले. “आणि उष्टं तुमच्या गाडीला.”

लोखंडाचं दुर्दैव असं की त्याचा गंज त्याच्या कामाचा नाही. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो तो घट्ट बसतो आणि आतल्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, फुगतो, पोपडा होऊन गळतो आणि खालचं कोरं लोखंड पुन्हा हवा-पाण्याच्या हवाली करतो. मीठ यात स्वतः खर्ची पडत नाही. ते मुख्यतः पाण्यातून वीज वाहणं सोपं करून देतं. मध्यस्थ नेहमी नामानिराळाच असतो.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ आहेत, सारा जन्म मोटारीच्या कारखान्यात गेलेले. ते वसंत ऋतूत हातात छोटी हातोडी घेऊन येतात. ट्रेलरखाली सरकून चासीवर ठोकत जातात आणि आम्ही बाहेर उभं राहून निदान ऐकतो. ‘टण्’ आलं की ठीक. ‘थप्’ आलं की ते थांबतात, पुन्हा ठोकतात, आणि एक मोठी खपली त्यांच्या चष्म्यावर पडते. त्यांचं एकच तत्त्वज्ञान आहे: जुन्या ट्रेलरचं पोट जिथे सर्वांत चकचकीत काळं, तिथे सर्वांत जोरात ठोकायचं. गंजावरच रबरी काळा लेप फवारला की वरून देखणं दिसतं, आत ओल कोंडते आणि लोखंड निवांतपणे कुजत राहतं. इथल्या मराठी मंडळाच्या निवडणुकीनंतरचे सत्कार मला अशा वेळी उगीच आठवतात.

खरं काम खरवडण्याचं. रंग लावणं ही त्याची बक्षिसी. आधी चाकांना अडसर, मग भक्कम स्टँड (नुसत्या जॅकच्या भरवशावर माणसानं खाली शिरू नये), डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मास्क, पाठीखाली पुठ्ठा. तारेचा ब्रश फिरायला लागला की गंज शिस्तीत पडत नाही. तो कानात जातो, कॉलरमधून बनियनमध्ये जातो आणि संध्याकाळी आंघोळीच्या पाण्याला वीटभट्टीचा रंग आणतो. कमानपाट्यांच्या दोन पात्यांमध्ये जिथे ब्रश पोचत नाही, तिथेच सगळा गंज अंग चोरून बसलेला. शिवाय वायरिंगचं अर्थिंग चासीलाच स्क्रूनं जोडलेलं असतं. तो स्क्रू गंजला की डावा दिवा लावला तर उजवाही लाजून मिचमिचतो. म्हणून तेवढी जागा लख्ख घासून ठेवायची.

मग बाटली निघते, गंज पालटणाऱ्या द्रावणाची. त्यात टॅनिक आम्ल असतं. ते तांबड्या गंजाशी संयोग पावून काळाकभिन्न, स्थिर थर बनवतं. ब्रशमागोमाग रंग पालटताना पाहून अप्पा ओरडले, “अरे, ही तर हिरड्याची शाई!” खरंच होतं. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोखंड यांचीच जुनी काळी शाई. पूर्वजांनी जिनं पोथ्या लिहिल्या, तिनं मी अ‍ॅक्सल रंगवत होतो. दुसऱ्या प्रकारच्या बाटलीत फॉस्फरिक आम्ल असतं, हे कळल्यावर मात्र त्यांना आवरणं अशक्य झालं. दिल्लीचा लोहस्तंभ! सोळाशे वर्षं उघड्यावर! त्या लोखंडात फॉस्फरस जास्त, त्यामुळे त्यावर रक्षक थर धरला, हे आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलंय. दिल्लीची कोरडी हवाही मदतीला आहेच. अप्पांनी तरुणपणी त्या स्तंभाला पाठ टेकवून उलट्या हातांनी कवळलं होतं. हात जुळले की इच्छा पुरी होते म्हणे. 1997 साली कुंपण घातलं तेव्हापासून ती सोय गेली. त्यांची इच्छा काय होती, हे सासूबाईंसमोर कधी बाहेर आलं नाही.

यानंतर, खरवडून कोरं लोखंड निघालंय तिथे, जस्ताचा प्रायमर. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं आणि त्याला वाचवतं. त्यावर रंग, आणि हिवाळ्यापूर्वी सांध्यासांध्यांत लोकरीच्या चरबीचं तेल, लॅनोलिन. मेंढीच्या अंगावर पावसाचं पाणी ठरत नाही ते याच्याच जिवावर. त्याच्या वासानं ट्रेलर पहिला आठवडाभर धनगरवाडा होतो. शेजारच्या कुत्र्याला आमच्याविषयी एकाएकी वाटू लागलेल्या आपुलकीचं दुसरं कारण मला दिसत नाही.

या सगळ्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे मिठाच्या दिवसांत ट्रेलर हलवायचाच नाही. गवतावर उभा करायचा नाही, खालून ओल येते. प्लास्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळायचा नाही, आत घाम धरतो. एप्रिलच्या पावसानं रस्ते धुऊन निघेपर्यंत कळ काढायची. आणि जायलाच लागलं, तर परत आल्याबरोबर हिरवळीवर फिरणारा पाण्याचा फवारा ट्रेलरखाली सारून तासभर चालू ठेवायचा. अप्पांना हे पटलं. तरी, “जानेवारीत थंडी फार, फ्लोरिडाला जाऊ या की ट्रेलर घेऊन,” हा आग्रह सुटला नाही. ओहायो ओलांडेपर्यंतच्या मिठाचा हिशेब मी मांडल्यावर ते गप्प झाले आणि आत जाऊन त्यांनी रत्नागिरीला भावाला फोन लावला.

“जावयाचं उत्तम चाललंय,” ते मोठ्यानं सांगत होते. “दोन घरं आहेत. एकात राहतात, दुसऱ्याखाली.”