अठ्ठावीस ग्रॅम

पावसाळ्यातली सकाळ होती. पाववाल्या पोदेराच्या सायकलचं पों-पों ऐकून मी फाटकाशी गेलो, तर पोदेराच्या आधी समोरचे भाई हजर. डोक्यावर छत्री, काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही.

“सत्तावीस माणसं,” ते म्हणाले. “अमेरिकेत. नव्वद दिवस.”

माझ्या पोटात गोळा आला. कुठे दरड कोसळली की कुठली बोट बुडाली? चौकशीअंती निष्पन्न झालं की ती सत्तावीस माणसं आधीही धडधाकट होती आणि नंतरही धडधाकटच राहिली. त्यांतल्या तेरा जणांना आठवड्यातून पाच दिवस अठ्ठावीस-अठ्ठावीस ग्रॅम गोजी बेरी खायला घातली, उरलेल्या चौदांना डोळ्यांसाठी म्हणून बाजारात मिळणारं पूरक औषध दिलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मंडळींनी २०२१ साली ते छापलं.

“म्हणजे बेरी खाल्ली की नजर सुधारते?” मी विचारलं.

“नजर सुधारली असं कोणी म्हटलं?” भाई जवळजवळ ओरडलेच. “डोळ्याच्या पडद्यावर मधोमध पिवळा ठिपका असतो, त्यातल्या रंगद्रव्याची घनता वाढली. घनता! तुम्ही मास्तर लोक शब्द सांडता.”

एवढ्यात पोदेर आला. भाईंनी त्यालाही घनता सांगितली. त्याने पाच उंडे मोजून दिले आणि पुढच्या घराकडे पों-पों करत निघून गेला. संशोधनाचे दिवस सगळीकडे कठीणच असतात.

भाईंचा स्वभाव समजायचा तर त्यांची नोकरी समजली पाहिजे. घर पेडणे तालुक्यात, धारगळच्या बाजूला, पण उभी हयात गेली डिचोलीत, खाणीच्या वजनकाट्यावर. मातीने लाल झालेली केबिन, समोर टिप्परांची रांग, हातात पावतीपुस्तक. भरलेला टिप्पर काट्यावर चढला की ग्रॉस, रिकामा होऊन आला की टेअर, वजाबाकी करून उरतं ते नेट. मग खनिज सारमानसच्या धक्क्यावर, तिथून बार्जमध्ये, पुढे मुरगावला. असे किती डोंगर भाईंच्या डोळ्यांसमोरून दोन दशांशांपर्यंत गेले असतील, देव जाणे. २०१२च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या आणि काटाही थांबला. टिप्परवाल्यांनी टिप्पर विकले, कुणी हॉटेलं काढली, कुणी विमानतळाची वाट पाहत बसले. भाईंकडे विकायला काहीच नव्हतं. त्यांच्याकडे होती फक्त सवय. समोरून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं वजन झालंच पाहिजे आणि पावती फाटलीच पाहिजे.

ही सवय काही वर्षं उपाशी होती. मग ११ डिसेंबर २०२२ उजाडला. एकाच दिवशी मोप्याच्या विमानतळाचं आणि धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं उद्घाटन झालं. गावचे बाकीचे लोक विमानं बघायला लागले, भाई वनस्पती. पुतण्याने मोबाइलवर निबंध शोधायला शिकवलं आणि भाईंना नवा काटा मिळाला. त्यावर आधी अश्वगंधा चढली, मग नोनी, मग आमचीच भिरंडं, म्हणजे कोकमं. भिरंडांच्या घराण्यातल्या एका भावंडाच्या सालीतलं आम्ल माणसाला बारीक करतं असा बोलबाला होता. १९९८ साली अमेरिकेत एकशे पस्तीस जणांवर बारा आठवडे चाचणी करून पाहिली, तर औषधवाले आणि खोट्या गोळीवाले यांच्यात म्हणावा तसा फरकच निघाला नाही. हे वाचल्यापासून भाईंनी सोलकढीकडे पाहायची नजर बदलली. “चांगली लागते,” असं म्हणून पितात, पण पूर्वीचा आदर राहिला नाही.

आणि मग आली गोजी. मुंबईच्या भाचीने दिवाळीत सुक्या मेव्याच्या डब्यातून आणली. लालसर, सुरकुतलेली, मनुकेपेक्षा किडकिडीत, चवीला थोडी गोड आणि थोडी पुठ्ठ्यासारखी. डब्यावर ‘दीर्घायुष्य’ असं छापलेलं. भाईंनी डबा तीनदा वाचला आणि रात्रभर मोबाइल सोडला नाही.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. भाई भोळे नाहीत. हा प्राणी म्हणजे व्हॉट्सॲपवर ‘डॉक्टरही चकित’ पाठवणारा काका नव्हे. गोजी खाऊन दोनशे छप्पन वर्षं जगल्याचं सांगितलं जाणारा तो चिनी ली चिंग-युएन आमच्या भजनी मंडळातल्या सगळ्यांना भलताच आवडला होता. भाईंनी एका वाक्यात त्याला संपवलं: “जन्माची पावती दाखवा.” गोजीचा रस पिऊन चौदा दिवसांत माणसं ताजीतवानी झाली, असं २००८चं एक संशोधन मी शोधून आणलं. त्यांनी लेखकाचा पत्ता पाहिला, तो रस विकणाऱ्या कंपनीचाच निघाला. भाई हसले. “मास्तर, काटा खाणवाल्याचाच असला की वजन कुणाच्या बाजूने झुकतं, ते मला नका सांगू.”

मला हे ऐकायला मिळालं, कारण माझं घर त्यांच्या फाटकासमोर आहे आणि मी नकार द्यायला शिकलेलो नाही. गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य आमच्या गोव्यात राहायचा. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने संवादरूपात पुस्तक लिहिलं, ते १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात त्याने रुआनो नावाचा एक डॉक्टर कल्पनेने उभा केला आहे. रुआनो प्रश्न विचारतो, ऑर्ता उत्तरं देतो. मधूनच अंतोनिया नावाची मोलकरीण हवी ती वस्तू आणून दाखवते. आपली भिरंडंही त्यात आहेत. पुढे मेलेल्या ऑर्ताची हाडं उकरून इन्क्विझिशनच्या धर्मन्यायालयाने ती १५८० साली जाळली, म्हणजे त्या काळी संशोधकाचं नशीब आजच्याहून वाईट होतं. पणजीत चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव आहे. तिथल्याच बाकावर बसवून भाईंनी मला हे सगळं सांगितलं आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. रुआनो कोण, हे मला त्या क्षणी कळलं. ऑर्ताला तो कल्पनेने निर्माण करावा लागला. भाईंना आयता मिळाला.

“आणि अंतोनिया?” मी विचारलं.

“ती घरी आहे,” भाई म्हणाले. “पण ऐकत नाही.”

वैनी मूळच्या डिचोलीच्या, मयेच्या बाजूच्या. बोलणं कमी आणि करणं जास्त. भाईंनी जेव्हा जाहीर केलं की आपल्या भजनी मंडळावर प्रयोग करायचा, तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फक्त म्हणाल्या, “लाडू कोण वळणार?”

प्रयोग मात्र भाईंनी शास्त्रशुद्ध आखला. मंडळातली सोळा माणसं. आठ जणांच्या नाचण्याच्या लाडवात वाटलेली गोजी, आठ जणांच्या लाडवात मनुका. दोन डबे, एकावर ‘क’, दुसऱ्यावर ‘ख’. कुठल्या डब्यात काय आहे, ते फक्त वैनींना ठाऊक, भाईंनाही नाही. “दोन्ही बाजू आंधळ्या हव्यात,” त्यांनी मला समजावलं. बजेटचा प्रश्न होताच. अमेरिकेच्या हिशेबाने माणशी एक किलो आठशे ग्रॅम गोजी लागत होती, आणि तिचा भाव ऐकून बदामाने मान खाली घालावी. म्हणून भाईंनी नव्वदाचे पंधरा दिवस केले आणि अठ्ठावीस ग्रॅमचे सात. विज्ञानात तडजोड करू नये. परंतु पेन्शनीतही करता येत नाही.

“पण आधी टेअर,” भाई म्हणाले. “रिकाम्या गाडीचं वजन घेतल्याशिवाय नेट काढणार कसं?” म्हणून पहिल्या दिवशी भजनाआधी प्रत्येकाची नजर तपासली. डोळ्यातल्या ठिपक्याची घनता मोजायचं यंत्र देवळात नव्हतं, पण कॅलेंडर होतं. दहा फुटांवर उभं करायचं आणि चौकटीतली बारीक अक्षरं वाचायला लावायची. सोळांपैकी अकरा जणांना एकादशी दिसली नाही. भाईंनी तो आकडा वहीत लिहिला. चेहऱ्यावर इतकं समाधान मी खाणी चालू असतानाही पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या रात्री साडेदहाला फाटक वाजलं. बाहेर मुसळधार, भाई ओलेचिंब, स्कूटर चालूच. “चला,” एवढंच म्हणाले. वाटेत ओरडून सांगितलं ते असं: २००१ साली एका वैद्यक नियतकालिकात नोंद आली होती. एकसष्ट वर्षांची चिनी बाई, रक्त पातळ ठेवायला वॉर्फरिन घेणारी. ती रोज तीन-चार पेले गोजीचा काढा प्यायली आणि रक्त गोठायचं प्रमाण नको तितकं बिघडलं. आणि आमच्या पखवाजवाल्यांची हृदयाची झडप बदललेली, त्यांना वॉर्फरिन चालू.

“पण त्यांचा डबा ‘क’ की ‘ख’?” मी मागून विचारलं. “वैनींना विचारलंत?”

“विचारलं तर प्रयोग फुटेल.” भाईंनी ब्रेक दाबला, कारण पुढे म्हैस होती. “आणि न विचारता लाडू तसेच ठेवले तर माणूस फुटेल. म्हणून लाडू उचलायचे आणि डबा कुठला ते बघायचं नाही.”

पखवाजवाल्यांना झोपेतून उठवलं. भाईंनी डोळे घट्ट मिटून त्यांच्याकडून उरलेले लाडू घेतले आणि पिशवीत घातले. सकाळी उठल्याबरोबर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या, असं दहा वेळा बजावलं. तपासणीचे पैसे स्वतः भरले. निकाल बरा आला. मी तेव्हापासून भाईंना हसतो ते जरा जपून.

घरी परतलो, तर वैनी पायरीवर कंदील घेऊन उभ्या. “आणले?” त्यांनी विचारलं. भाईंनी पिशवी दाखवली. त्यांनी हुश्श केलं. ते हुश्श मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

पंधराव्या दिवशी निकाल. कॅलेंडर तेच, दहा फूट तेच. पखवाजवाले बाद झाल्याने पंधरा माणसं. पंधराच्या पंधरा जणांनी एकादशी खडाखडा वाचली. वाचली म्हणण्यापेक्षा म्हटली, कारण पंधरा दिवस देवळात त्याच कॅलेंडराखाली बसून टाळ कुटणाऱ्यांना ती पाठ झाली होती. एका आजोबांनी तर डोळ्यांवरचा चष्मा काढून, पाठ फिरवून, तिथीसकट नक्षत्र सांगितलं. भाई हरखले. मग थांबले. पंधरांतल्या काहींनी मनुका खाल्लेली होती. त्यांचीही नजर सुधारली हे कसं?

“आता फोड,” ते वैनींना म्हणाले. “‘क’मध्ये काय होतं?”

“गोजी.”

“आणि ‘ख’मध्ये?”

“गोजी.”

देवळात शांतता पसरली. टाळाची एक वाटी कुणाच्या तरी हातातून निसटून किणकिणली.

“देवळातल्या माणसांना लाडू वाढायचे,” वैनी शांतपणे म्हणाल्या, “अर्ध्यांना चांगले आणि अर्ध्यांना मनुकांचे? असला पंक्तिप्रपंच माझ्या हातून व्हायचा नाही. सगळ्यांत सारखी घातली, साडेतीन-साडेतीन ग्रॅम.”

भाईंनी वही मिटली. मी काही सांत्वनाचं बोलणार, तोच ते पुटपुटले, “साडेतीन… म्हणजे तिने वजन केलं होतं.” आणि त्या आवाजात, खरं सांगतो, दुःख कमी आणि कौतुक जास्त होतं.

त्यानंतर भाईंनी माणसं सोडली आणि झाड धरलं. उरलेल्या चार बेऱ्या भिजवून बिया काढल्या, मडक्यात पेरल्या, वर पाटी लावली: लायसियम बार्बारम. हे झाड चीनच्या निंगशिया भागातलं. तिथे वर्षभराचा जेवढा पाऊस, तेवढा आमच्याकडे आषाढाच्या एका चांगल्या आठवड्यात पडतो. भाईंनी मडक्याला प्लॅस्टिकचं छप्पर केलं. लायसियम हे नावही गमतीचं आहे, असं त्यांनी मला छपराखाली बसवून सांगितलं. जुने ग्रीक वैद्य डोळ्यांसाठी एक हिंदुस्थानी लायकिऑन वापरायचे. ते कुठलं, याचा रॉयल नावाच्या इंग्रज डॉक्टराने एकोणिसाव्या शतकात शोध लावला. निघालं आपलं रसांजन, दारुहळदीच्या काढ्याचं. “म्हणजे नाव आपल्या औषधाचं, झाड चीनचं, डबा मुंबईचा,” भाई म्हणाले, “आणि डोळे माझे. एवढा मोठा टिप्पर, आणि पावती एकाच्याही नावावर नाही.”

ऑगस्टात मडक्यात रोप आलं. कोवळी पानं, टोकाशी निमुळती. भाई रोज पट्टी घेऊन उंची मोजत. सप्टेंबरात पांढरं फूल आलं. मी म्हटलं, गोजीचं फूल जांभळट असतं ना? त्यांनी मला ‘जातीजातींत फरक असतो’ असं ऐकवलं. चतुर्थी झाली आणि फळ धरलं: हिरवं, लांबट, खाली वळलेलं. मडक्याशेजारीच वैनी दरवर्षी हरमलहून आणलेल्या मिरच्या सुपात वाळत घालतात. भौगोलिक मानांकन मिळालेली मिरची, तिच्या बिया उडून कुठे पडतील ते पोलीसही सांगू शकत नाहीत.

“कूळ तेच आहे,” भाई म्हणाले. हे मात्र खरं. गोजी, मिरची, वांगं, टोमॅटो, सगळं एकाच घराण्यातलं. पाटी त्यांनी काढली नाही.

परवा गेलो, तर चुलीवर माशांचं हुमण चढलेलं. वैनी बाहेर आल्या, छपराखाली वाकल्या, आणि लायसियम बार्बारमच्या चार पिकलेल्या मिरच्या तोडल्या.

“थांब!” भाई आतून काटा घेऊन धावले. ग्रॅममध्ये मोजणारा तो छोटा काटा, गोजीसाठीच आणलेला. मिरच्या तबकडीत ठेवल्या, चष्मा पुसला, वहीत आकडा लिहिला. वैनी तबकडी उचलून स्वयंपाकघराकडे वळल्या.

“देठ काढलेस की परत आण,” भाई मागून म्हणाले. “टेअर राहिलंय.”