हक्कांची बेगार

मानवी हक्कांच्या संस्थेत इंटर्न म्हणून जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी विचारावं: भत्ता किती? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं. भत्ता नाही, प्रमाणपत्र मिळेल.

राज्यघटनेचं कलम २३ बेगारीला मनाई करतं. १९८२ मध्ये दिल्लीत एशियाडची बांधकामं सुरू होती. मजुरांना किमान वेतनही मिळत नाही, म्हणून पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. न्या. भगवतींनी निकालात सांगितलं की, किमान वेतनाहून कमी पैशांत करावं लागणारं काम ही सक्तीची मजुरीच आहे. भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही योग्य मोबदल्याचा हक्क देणारं कलम २३ वंच. आणि ही कलमं ज्या अहवालांत ठळक छापली जातात, ते अहवाल टाइप करणारी मुलगी घरून पैसे मागवून जेवते.

कायद्याच्या काटेकोर भाषेत विद्यार्थी हा मजूर नव्हे, मान्य. पण त्याला नाही म्हणायची सोय कुठे आहे? बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. तीही एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे दर सुट्टीत पुन्हा खोली शोधा, पुन्हा डिपॉझिट भरा, पुन्हा मेस लावा. दिल्ली-मुंबईतला हा खर्च ज्याच्या बापाला झेपतो, त्याचंच नाव यादीत लागतं.

यात नुकसान हक्कांच्या कामाचंच होतं. ऊसतोडीच्या घरातल्या मुलीला 'उचल', म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, काय असते हे शिकवावं लागत नाही. मुकादमाचा हिशेब कुठे फिरतो, हे तिने घरात पाहिलेलं असतं. भामरागडचा मुलगा माडिया बोलणाऱ्या आईची कैफियत दुभाष्याशिवाय लिहून घेतो. पत्रकार शीला बारसे यांच्या १९८३ च्या खटल्यात मुंबईच्या तुरुंगातल्या महिलांशी बोलून वस्तुस्थिती कळवण्याचं काम सर्वोच्च न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांकडे दिलं होतं. त्याच खटल्यात पुढे महिलांसाठी वेगळी कोठडी आणि तिथे महिला पोलिसांचा पहारा, असे आदेश निघाले. पीडित माणूस कोणापुढे तोंड उघडतो, यावर या क्षेत्रात सगळं अवलंबून असतं. ज्यांच्यापुढे तो मोकळा होईल, ती मुलं भाड्याअभावी गावातच राहतात.

हा रोग जगभरचा आहे. २०१५ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा एक बिनपगारी इंटर्न तंबूत राहतो, ही बातमी सगळीकडे गाजली. त्याच शहरातली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना मात्र इंटर्नना भत्ता देते. ठरवलं तर जमतं.

छोट्या संस्था देणग्यांवर चालतात, त्यांची ओढाताण खरी आहे. त्यांनी निदान एसटीचं भाडं, दोन वेळचं जेवण आणि झोपायला जागा द्यावी. उरलेला भार फी घेणाऱ्या विधी महाविद्यालयांनी, सक्तीचा नियम करणाऱ्या बार कौन्सिलने आणि प्रकल्पांना पैसे देणाऱ्या देणगीदारांनी उचलावा. अंदाजपत्रकात छपाईला आणि परिषदेच्या हॉलला रक्कम असते. तिथेच इंटर्नच्या नावाची एक ओळ वाढवा.

आणि पुढची जाहिरात काढाल तेव्हा 'प्रमाणपत्र दिले जाईल' या ओळीच्या वर भत्त्याचा आकडा छापा. तो वाचून बीडच्या, गडचिरोलीच्या मुलांनाही अर्ज भरता येईल.